सतराव्या क्रमांकाचा संघ

२०२४चा मोसम सुरू होण्याआधी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटाचं, वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी अठरा संघांचा अंदाज बांधला. त्यात इंडियाना विद्यापीठ सतरावं होतं. त्याच्याही खाली एकच संघ, त्याच राज्यातला शेजारी पर्ड्यू. नोव्हेंबर संपला तेव्हा तक्त्याचं डोकं असं दिसत होतं (आधी विजय, मग पराभव): ऑरेगन ९-०, पेन स्टेट ८-१, इंडियाना ८-१, ओहायो स्टेट ७-२. पर्ड्यूबद्दलचा अंदाज मात्र तंतोतंत खरा ठरला. ०-९.

(नाव बिग टेन आणि संघ अठरा, याचं कारण एवढंच की संघ वाढत गेले आणि पाटी कुणी बदलली नाही. २०२४मध्ये ऑरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि यूएससी हे पश्चिम किनाऱ्यावरचे चार आले, आणि पूर्व-पश्चिम असे दोन गटही मोडीत निघाले.)

इंडियानाच्या या उडीला तिकडच्या वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हटलं. ते मला पटत नाही. एक चालता-बोलता संघ, त्याच्या प्रशिक्षकांसकट आणि सांकेतिक भाषेसकट, एका गावातून उचलून दुसऱ्या गावात उभा केला गेला. हे नेमकं कसं केलं, कुठे साधलं आणि कुठे उघडं पडलं, ते बघण्यासारखं आहे.

आधी तळ किती खोल होता ते. इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. ब्लूमिंग्टनच्या या विद्यापीठाने बास्केटबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं पाच वेळा घेतली, पण फुटबॉलमध्ये वरच्या स्तरावरच्या सगळ्या संघांत सर्वाधिक पराभव तेव्हा त्यांच्या खात्यावर होते, सातशेच्या वर. कॉन्फरन्सचं विजेतेपद तोवर दोनदाच, १९४५ आणि १९६७, त्यातलं दुसरं वाटून घेतलेलं. एका मोसमात नऊपेक्षा जास्त सामने त्यांनी कधीच जिंकले नव्हते. बोल सामन्यातला, म्हणजे मोसमाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यातला, तोवरचा शेवटचा विजय १९९१चा. २०२१मध्ये कॉन्फरन्समध्ये ०-९, २०२२मध्ये २-७, २०२३मध्ये १-८. मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये शेगडी पेटवून खाणं-पिणं करायचं, जमलं तर पूर्वार्ध बघायचा आणि मध्यंतरात परत शेगडीकडे, अशी प्रेक्षकांची रीत होती.

२६ नोव्हेंबर २०२३ला प्रशिक्षक टॉम ॲलन यांना काढलं. चारच दिवसांनी कर्ट सिग्नेटी आले. वय ६२. त्याआधी अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली रिसीव्हरांचे (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचे) प्रशिक्षक, मग २०११पासून स्वतः मुख्य प्रशिक्षक: पेनसिल्व्हेनियातलं एक दुसऱ्या श्रेणीचं विद्यापीठ, नंतर इलॉन, नंतर व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन. जेम्स मॅडिसनमधल्या पाच मोसमांत ५२ विजय, ९ पराभव. मुख्य प्रशिक्षक म्हणून पराभव जास्त आणि विजय कमी असा एकही मोसम नाही. पत्रकारांनी विचारलं की खेळाडूंना तुम्ही पटवता कसे, तर उत्तर आलं: 'मी जिंकतो. गूगल करून बघा.' त्या वाक्याची नंतर टी-शर्टं निघाली. पण त्यातला दुसरा भाग गमतीचा नाही. बघण्यासारखी नोंद खरोखरच होती, फक्त लहान मैदानांवरची होती म्हणून मोठ्या विद्यापीठांनी ती बारा वर्षं गंभीरपणे वाचली नव्हती.

आता कामाचा भाग.

कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूने विद्यापीठ बदलायचं तर त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टल नावाच्या यादीत जातं. यादी २०१८ला सुरू झाली. बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायची सक्ती २०२१मध्ये पहिल्या बदलीपुरती गेली, आणि एप्रिल २०२४मध्ये पुढच्या बदल्यांसाठीही. १ जुलै २०२१पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे घेता येऊ लागले. याच्या जोडीला कोविडची एक सवलत होती: २०२०चा मोसम कुणाच्याच हिशोबात धरला नाही, त्यामुळे एरवी पदवी घेऊन बाहेर पडले असते असे पाचव्या-सहाव्या वर्षाचे खेळाडू २०२४पर्यंत मैदानावर होते. २३-२४ वर्षांचा गडी आणि १९ वर्षांचा पोरगा यांच्यात फरक असतो तो अंगमेहनतीचा, आणि तो रंगीत चित्रफितीत दिसत नाही. सिग्नेटी यांना हे नेमकं कळलं होतं. त्यांचं सूत्रच तसं: क्षमता बघू नका, उत्पादन बघा. शाळेत असताना भरतीच्या क्रमवारीत किती तारे मिळाले होते ते नव्हे, तर गेल्या दोन वर्षांत मैदानावर किती चेंडू खेळला आणि त्यात काय केलं.

हिवाळी पोर्टल तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडत असे. शिवाय ज्या संघाचा मुख्य प्रशिक्षक जातो, त्या संघाच्या खेळाडूंना तीस दिवसांची वेगळी मुभा मिळत असे. म्हणजे सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन सोडल्याक्षणी तिथला सगळा संघ कायद्याने मोकळा झाला. त्यातले १३ जण त्यांच्यामागे ब्लूमिंग्टनला आले. आकड्यापेक्षा जागा बघा. बचावात पुढच्या फळीच्या मध्यभागी जेम्स कार्पेंटर, कडेला मिकेल कमारा. त्यांच्या मागे लाइनबॅकरांची जोडी एडन फिशर आणि जेलिन वॉकर, दोघंही तिथलेच. सगळ्यात मागे कोपऱ्यावर डीअँजेलो पॉन्ड्स, जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीचा आणि कॉलेजात एकच वर्ष काढलेला. म्हणजे पुढची फळी, मधली फळी, मागची फळी, प्रत्येकीत किमान एक माणूस असा की ज्याला इशाऱ्यांची भाषा आधीपासून पाठ. बचावाचे सूत्रधार ब्रायंट हेन्स, आक्रमणाचे माइक शानहान, अंगमेहनतीचे प्रशिक्षक डेरेक ओविंग्ज हेही जेम्स मॅडिसनहूनच आले. अकरा जणांच्या बचावात पाच जणांना खेळ आधीच येत असेल तर उरलेल्या सहांना शिकवायला प्रशिक्षकाशेजारी पाच शिक्षक मैदानावरच उभे असतात. वॉकीटॉकी लागत नाही.

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमण चालवणारा, मात्र बाहेरून आणला: ओहायो विद्यापीठाचा कर्टिस रॉर्क. (ओहायो विद्यापीठ आणि ओहायो स्टेट यांत गल्लत नको. पहिलं मिड-अमेरिकन नावाच्या छोट्या कॉन्फरन्समधलं, दुसरं देशातल्या बलाढ्यांपैकी एक.) कॅनडातला मुलगा, कॉलेजातलं सहावं वर्ष, २०२२मध्ये त्याच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच मोसमाच्या शेवटी गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, म्हणून मोठ्या विद्यापीठांच्या रांगा त्याच्या दारात नव्हत्या. त्याच्यासाठी रिसीव्हर आला तो इलायजा सॅरट, जेम्स मॅडिसनचाच, आणि त्याही आधी त्याहून लहान सेंट फ्रान्सिसमध्ये खेळलेला. जुन्या संघातून राहिलेल्यांची नावंही महत्त्वाची आहेत: आक्रमणाच्या फळीत डावीकडचा कार्टर स्मिथ, मध्यभागचा माइक कॅटिक, रिसीव्हर ओमार कूपर धाकटा. सगळं घर पाडून बांधलं नाही. ज्या भिंती सरळ होत्या त्या ठेवल्या.

वेळापत्रकातली एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जे खेळाडू डिसेंबरमध्ये ठरत ते जानेवारीच्या सत्राला दाखल होत. त्यांना हिवाळ्यातली व्यायामशाळा, वसंतातले नियमाने मिळणारे १५ सराव आणि नंतर ऑगस्टचं शिबिर असं सगळं मिळत असे. पोर्टल तेव्हा एप्रिलमध्ये पुन्हा उघडत असे, त्या खिडकीतून आलेल्याला फक्त ऑगस्ट. लाइनमन (पुढच्या फळीतले गडी) आणि क्वार्टरबॅक एप्रिलमध्ये घेतले की सप्टेंबरमध्ये इशारे चुकत, ऑक्टोबरमध्ये गाडी रुळावर येई, आणि तोवर दोन सामने हातचे गेलेले असत. इंडियानाने कणा जानेवारीतच बसवला.

पोर्टलवरून भरती म्हणजे हमखास यश, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर दोन उदाहरणं. कोलोरॅडोने २०२३मध्ये जवळजवळ सगळा संघ बदलला. पहिले तीन सामने जिंकले, देशभर गाजावाजा झाला, आणि मोसम संपला ४-८ वर. क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्सला मोसमात ५२ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं गेलं, कारण चमकणाऱ्या जागा भरल्या आणि त्याच्यासमोरची पाच जणांची भिंत कच्ची राहिली. फ्लोरिडा स्टेट २०२३मध्ये १३-१ होतं. २०२४मध्ये गेलेल्यांच्या जागी पोर्टलमधून नामांकित माणसं आणली, क्वार्टरबॅकसकट. निकाल २-१०. ही माणसं वाईट नव्हती, पण प्रत्येकजण वेगळ्या गावातून आणि वेगळ्या पद्धतीतून आला होता. एकेक खेळाडू विकत घेणं आणि आधीच जुळलेले पाच-सहा खेळाडू एकत्र उचलणं, यांच्यात हाच फरक आहे.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायचं तर २०१७-१८चा विदर्भ. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, वसीम जाफर आणि गणेश सतीश हे पाहुणे व्यावसायिक, आणि पहिलंच रणजी विजेतेपद. बाहेरून आलेली शिस्त आणि तयार अनुभव, इथवर साम्य आहे. पुढे नाही. रणजीत बाहेरचे खेळाडू मोजकेच घेता येतात, त्यामुळे विदर्भाला धावा फैज फझलकडून आणि अंतिम सामन्यातली हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीकडून, म्हणजे घरच्याच माणसांकडून काढाव्या लागल्या. इंडियानावर असं काही बंधन नव्हतं.

मैदानावर काय दिसत होतं? आक्रमणात गुंतागुंत फार नाही. त्यांची आवडती चाल म्हणजे धावायचं की फेकायचं हे चेंडू हातात आल्यावर ठरवणं. पुढचे पाच जण धावण्याच्या चालीसाठीच ढकलायला लागतात. क्वार्टरबॅक बचावातल्या एकाच माणसाकडे बघतो, बहुतेकदा लाइनबॅकरकडे. तो धावणाऱ्याच्या दिशेने पुढे झेपावला की त्याच्या मागे जी जागा मोकळी होते तिथे चेंडू. तो जागेवर राहिला की चेंडू धावणाऱ्याच्या पोटात. यात चूक कुठे होते? नियमाप्रमाणे कॉलेजात फेक होईपर्यंत लाइनमन रेषेपुढे तीन यार्डांपलीकडे जाऊ शकत नाही. क्वार्टरबॅकने निर्णयाला अर्धा सेकंद जास्त लावला की ढकलत गेलेला लाइनमन चार यार्डांवर पोचतो, पंचांचा झेंडा पडतो आणि चांगली चाल रद्द होते. म्हणून इथे हाताच्या ताकदीपेक्षा डोकं लागतं आणि हजारो वेळा केलेली सवय लागते. सहाव्या वर्षाचा रॉर्क इथे सोन्यासारखा चालला. मोसमात त्याच्या फेकींवर २९ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे), चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती ५च वेळा.

दुसरं हत्यार सॅरटच्या बाजूचं. बचावपटू त्याच्या पुढे धावत खोल जातोय असं दिसलं की चेंडू त्याच्या पुढे टाकायचा नाही, मागच्या खांद्यावर टाकायचा. सॅरट थांबतो, वळतो, बचावपटू दोन पावलं पुढे निघून गेलेला असतो. चेंडू हातातून सुटतो तेव्हा सॅरट अजून वळलेलाही नसतो. फेकणारा आणि झेलणारा यांच्यात पुरेसा सराव नसेल तर हाच चेंडू बचावपटूच्या छातीवर जातो.

बचाव ४-२-५ ठेवणीचा: चार पुढे, दोन मध्ये, पाच मागे. पुढचे चौघे आकाराने प्रचंड नव्हते, म्हणून समोरासमोर रेटण्याऐवजी चेंडू सुटताच आडवे सरकायचे, जागा बदलायचे. कमाराने असे १० वेळा क्वार्टरबॅक पाडले. या पद्धतीचा धोका उघड आहे. सरकताना एकाने चुकीची फट घेतली की मधून हमरस्ता मोकळा. तो धोका पत्करता येतो तो मागे फिशर-वॉकर ही एकमेकांची सवय असलेली जोडी उभी असेल तरच.

निकाल असे लागत गेले. ३१ ऑगस्टला फ्लोरिडा इंटरनॅशनल ३१-७, सप्टेंबरमध्ये वेस्टर्न इलिनॉय ७७-३, लॉस एंजेलिसजवळ यूसीएलए ४२-१३, शार्लट ५२-१४, मग मेरीलँड ४२-२८. ऑक्टोबरमध्ये नॉर्थवेस्टर्न ४१-२४ आणि नेब्रास्का ५६-७. नेब्रास्काच्या सामन्यात रॉर्कचा अंगठा दुखावला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फळीतल्या टेवन जॅक्सनने वॉशिंग्टनविरुद्ध ३१-१७ काढून दिले. मिशिगन स्टेटविरुद्ध ०-१० पिछाडी. मोसमातला तो नववा सामना, आणि तोवर इंडियाना एकदाही मागे पडलं नव्हतं. मग सलग ४७ गुण. ९ नोव्हेंबरला मिशिगन २०-१५. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यात १७ गुण, दुसऱ्यात फक्त ३, बाकी सगळं बचावाने ओढून नेलं. १०-०. विद्यापीठाच्या इतिहासातला दोन आकडी विजयांचा पहिला मोसम.

आता तक्ता नीट वाचू, कारण आपल्याकडच्या वाचकाची पहिली शंका इथेच येते. ७७-३ आणि ५६-७ अशा निकालांचा उपयोग काय? कॉन्फरन्सच्या तक्त्यात काहीही नाही. इथे नेट रनरेटसारखं काही नसतं. एका गुणाने जिंका की पन्नासने, नोंद सारखीच. शिवाय ७७-३ हा कॉन्फरन्सबाहेरचा सामना, त्यामुळे तो ११-१ या एकूण नोंदीत मोजला जातो, ८-१ मध्ये नाही. प्रत्येक संघ कॉन्फरन्समध्ये नऊ सामने खेळतो, इतर सतरा संघांपैकी नऊशीच गाठ पडते, आणि पहिले दोघे इंडियानापोलिसला अंतिम सामना खेळतात.

ऑरेगन ९-० म्हणजे एक जागा पक्की. दुसरीसाठी पेन स्टेट आणि इंडियाना दोघेही ८-१, दोघांचाही पराभव ओहायो स्टेटकडून. (३० नोव्हेंबरला मिशिगनने ओहायो स्टेटला १३-१० हरवलं नसतं तर हा प्रश्नच आला नसता. ओहायो स्टेटने दोघांनाही हरवलं होतं, तेच गेले असते.) बरोबरी सोडवायची पहिली पायरी, आपसातला सामना. झालाच नव्हता. दुसरी, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची नोंद. यूसीएलए, मेरीलँड, वॉशिंग्टन, ओहायो स्टेट, पर्ड्यू हे पाच समान होते आणि दोघंही ४-१. तिसरी पायरी याच समान प्रतिस्पर्ध्यांना वरून खाली एकेक करून तपासायची. तिथेही फरक नाही. चौथी: ज्या नऊ संघांशी खेळलात त्यांनी कॉन्फरन्समध्ये मिळून किती जिंकले. पेन स्टेटचे प्रतिस्पर्धी ३३-४८. इंडियानाचे २८-५३. पेन स्टेट आत.

ही बेरीज स्वतः करून बघण्यासारखी आहे, कारण इंडियानावरचा सगळ्यात रास्त आक्षेप तिच्यातच आहे. समान पाच वगळले तर पेन स्टेटला इलिनॉय (६), मिनेसोटा (५), यूएससी (४) आणि विस्कॉन्सिन (३) भेटले, मिळून १८ विजय. इंडियानाला मिशिगन (५), नेब्रास्का (३), मिशिगन स्टेट (३) आणि नॉर्थवेस्टर्न (२), मिळून १३. ऑरेगन, पेन स्टेट, इलिनॉय, आयोवा या वरच्या चौघांशी इंडियानाची गाठच पडली नाही. नॉर्थवेस्टर्नचं मोठं मैदान पाडलेलं होतं, त्यामुळे तो परगावचा सामना तळ्याकाठच्या जेमतेम १२ हजार आसनांच्या तात्पुरत्या मैदानावर झाला. नेब्रास्का आणि ओहायो स्टेट या दोन्ही सामन्यांआधी सुट्टीचा आठवडा होता. लुइव्हिलबरोबर ठरलेला सामना आधीच रद्द होऊन त्या जागी वेस्टर्न इलिनॉय आलेलं. वेळापत्रक सोपं होतं, यात वाद नाही. पण तेच मेरीलँड, तेच पर्ड्यू, तेच नॉर्थवेस्टर्न इतरांनाही मिळत होते, आणि नऊपैकी आठ ऑरेगन आणि पेन स्टेट सोडून इतर कुणी जिंकले नाहीत. सोप्या वेळापत्रकाने १-८चे फार तर ४-५ होतात. पुढचे चार विजय संघाला काढावे लागतात.

तो फरक २३ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये मोजला गेला. (ओहायोचं कोलंबस. पुणेकरांना कमिन्समुळे माहीत असलेलं कोलंबस वेगळं, ते इंडियानातलं. तिथल्या मराठी मंडळींना ४६ क्रमांकाच्या राज्यमार्गाने ब्लूमिंग्टन तासाभरावर.) चेंडू पहिल्यांदा हाती आला तेव्हाच इंडियानाने टचडाउन केला. मग काहीच चालेना. ओहायो स्टेटचे चौघेच पुढून येत आणि पाच जणांची भिंत त्यांना थोपवू शकत नव्हती. चौघांनी काम होत असेल तर उरलेले सात जण मागे जाळं लावून बसतात, आणि धावू की फेकू या चालीतला तो एक लाइनबॅकर फसतच नाही, कारण त्याला झेपावायची गरजच नसते. रॉर्कला पाच वेळा पाडलं. इंडियानाचे पूर्ण सामन्यातले यार्ड १५१. भरीला दोन चुका पंटवर, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्यांना देताना. एकदा पंट मारणाऱ्याच्या हातून आलेला चेंडूच सुटला आणि ओहायो स्टेटला इंडियानाच्या दारात चेंडू मिळाला. दुसऱ्यांदा मारलेला पंट केलेब डाउन्सने ७९ यार्ड परत पळवत टचडाउन केला. १५-३८. लहान कॉन्फरन्समधला रिसीव्हर, लाइनबॅकर, कोपऱ्यावरचा बचावपटू मोठ्या कॉन्फरन्समध्ये टिकतो, कारण वेग आणि समज सगळीकडे सारखी मोजता येते. आक्रमणाच्या भिंतीचं तसं नाही. १४०-१५० किलोचा, पायांत चपळ असलेला माणूस दुर्मीळ, आणि तो बहुधा अठराव्या वर्षीच मोठ्या विद्यापीठाने नेलेला असतो.

पुढच्या शनिवारी पर्ड्यूवर ६६-० असा राग निघाला. बारा संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत इंडियानाला दहावं मानांकन मिळालं आणि २० डिसेंबरच्या थंडीत नोत्र दामकडून १७-२७. नोत्र दामच्या जेरेमाया लव्हने ९८ यार्ड धावून केलेला टचडाउन त्या रात्रीचा. शेवटचे दोन टचडाउन इंडियानाने सामना निसटल्यावर केले, त्यामुळे गुणफलक दाखवतो तेवढी ती लढत अटीतटीची नव्हती. मोसम संपल्यावर कळलं की रॉर्क फाटलेल्या अस्थिबंधासह खेळत होता. एकूण ११-२, १३ सामन्यांत ५३७ गुण केले, २०३ दिले.

अशा संघांचं दुसरं वर्ष सहसा वाईट जातं. सहाव्या वर्षाचे खेळाडू संपतात, उरलेल्यांना मोठी विद्यापीठं जास्त पैसे देऊन नेतात, आणि भरतीचं सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून. इंडियानाने दोन गोष्टी केल्या. फिशर, कमारा, पॉन्ड्स, सॅरट, धावणारा केलॉन ब्लॅक हे जेम्स मॅडिसनचे गडी थांबवले, म्हणजे भाषा जाणणारे शिक्षक मैदानावर राहिले. आणि कोलंबसमध्ये जिथे भिंत फुटली होती तिथेच गवंडीकाम केलं. सेंटर म्हणून पॅट कूगन आणला. कुठून, तर ज्या नोत्र दामने डिसेंबरमध्ये हरवलं त्यांच्याच फळीतून. सेंटर हा आक्रमणाच्या भिंतीचा मुकादम: समोरची ठेवण बघून कोण कुणाला अडवणार हे तोच ओरडून सांगतो, त्यामुळे तिथे अनुभवी माणूस बसवला की शेजारचे दोघेही सुधारतात. क्वार्टरबॅक कॅलिफोर्नियाहून, फर्नांडो मेंडोसा. यंत्र तेच होतं, फक्त हात जास्त मजबूत आणि समोरची भिंत जाड.

२०२५मध्ये इंडियानाने कॉन्फरन्समध्ये ९-० केलं. यावेळी वेळापत्रकावर बोट ठेवायला जागा नव्हती. ऑरेगनला त्यांच्याच मैदानावर ३०-२०. पेन स्टेटला २७-२४, ओमार कूपरने शेवटच्या मिनिटात मागच्या रेषेवर पायाचा अंगठा टेकवून घेतलेल्या झेलावर. इंडियानापोलिसच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेट १३-१०, म्हणजे १९६७नंतरचं पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद. मेंडोसाला हाइसमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. मग राष्ट्रीय बाद फेरी: रोझ बोलमध्ये अलाबामा ३८-३. पीच बोलमध्ये पुन्हा ऑरेगन, ५६-२२, आणि त्यांच्या पहिल्याच चालीवर चेंडू पळवून टचडाउन करणारा पाच फूट नऊ इंचांचा पॉन्ड्स.

राष्ट्रीय अंतिम सामना १९ जानेवारी २०२६ला मायामीत, मायामीविरुद्धच. इंडियाना २७-२१, मोसम १६-०. त्यातला एक टचडाउन आक्रमणाने केलेलाच नव्हता. मायामी स्वतःच्या गोलरेषेजवळ पंट मारायला उभं राहिलं, कमारा मधून घुसला, चेंडू त्याच्या हातावर आपटला आणि आयझाया जोन्सने तो टचडाउनच्या पट्ट्यात पकडला.